करदोड्यातली किल्ली

माझी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून गेली, त्यातली बरीचशी मिरज डेपोत. त्यामुळं प्रवासातलं सामान या विषयावर मला कुणी शिकवायला आलं की मी आतल्या आत हसायचो. टपावर हळदीची पोती, कोंबड्यांची डालगी, लग्नाचं रुखवत, एकदा तर शिवलेल्या गाद्यांची चळत, हे सगळं मी रत्नागिरीपर्यंत घाट उतरवून नेलंय. "मास्तर, पोत्यात काय नाय वो, नुसता भुसा हाय" म्हणणाऱ्यांची लगेजची तिकिटं फाडलीत. तेव्हा लेक फोनवर म्हणाली, "आप्पा, इथल्या रेल्वेत सामान जरा सांभाळून हां," तेव्हा मी म्हणालो, "बाळ, तू मला सांगतीस?"

लेक आणि जावई जर्मनीत स्टुटगार्टला असतात. मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, आम्ही दोघं दोन महिन्यांसाठी गेलो. विमानात माणशी २३ किलोची एक बॅग चालते म्हटल्यावर हिनं दोन्ही बॅगा बरोबर २३ किलोच्या केल्या. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, सांडगे, आणि या सगळ्याच्या मध्ये सापडतील तिथं माझे चार शर्ट. निघायच्या आदल्या दिवशी मी मिरज स्टेशनबाहेरून नवी साखळी आणि पितळी कुलूप घेतलं. कुलपाची किल्ली करदोड्याला बांधली. खिशातली किल्ली हरवते, करदोड्यातली हरवत नाही, ही आमच्या वडिलांची शिकवण.

फ्रँकफर्टच्या विमानतळालाच लागून लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे. लेक न्यायला आली होती. फलाटावर कुणी सामान तपासलं नाही, वजन केलं नाही, तिकीट बघितलं नाही. मी लेकीला विचारलं, लगेजचं काय? ती म्हणाली, "जेवढं तुम्हाला एकट्याला उचलता येतं तेवढं फुकट." मला हा नियम फार आवडला. आमच्याकडं हा नियम असता तर निम्मी भांडणं झाली नसती. पण दुसऱ्या बाजूनं बघा, फुकट नेता येतं याचा अर्थ त्याला हात लावणारं, त्याची जबाबदारी घेणारंही कुणी नाही. हे मला तेव्हा कळलं नाही.

आयसीई म्हणजे तिकडची वेगवान गाडी. तिच्यात डब्याच्या टोकाला, दाराजवळ, सामानासाठी कप्पे असतात. तिथं उभा दांडा दिसला आणि मी खूश झालो. आपल्याकडं स्लीपरच्या खालच्या बाकाखाली साखळी अडकवायची सोय असते, तसली काही तिथं नव्हती, पण दांडा पुरेसा होता. लेक कॉफी आणायला गेली तेवढ्यात दोन्ही बॅगांच्या मुठींतून साखळी ओवली, दांड्याला दोन वेढे दिले, कुलूप लावलं, ओढून बघितलं. जागेवर येऊन बसलो. ही म्हणाली, "लावली?" मी म्हणालो, "आता इंजिन घेऊन गेले तरच बॅगा जातील."

अर्ध्या तासात मानहाइम आलं. सत्तरीच्या एक बाई माझ्याकडं आल्या आणि जर्मनमध्ये काहीतरी सांगायला लागल्या. चेहरा रागीट नव्हता, घाबरलेला होता. लेक उठून बघायला गेली आणि तिथूनच ओरडली, "आप्पा, हे काय केलंय!" त्या बाईंची जांभळी बॅग खालच्या कप्प्यात आमच्या बॅगांच्या मागं होती आणि माझी साखळी तिच्यासमोर आडवी. बाईंना मानहाइमला उतरायचं होतं.

किल्ली करदोड्याला. करदोडा बनियनखाली. बनियनवर शर्ट, शर्टवर हिनं विणलेला स्वेटर, स्वेटरवर जावयाचं जाकीट, कारण मे महिन्यातसुद्धा तिकडं सकाळी गारठा होता. भर डब्यात, दाराच्या वाटेवर उभं राहून मी एकेक थर वर करत पोटाशी चाचपत होतो. उतरणारी माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी अंग चोरून जात होती. गाठ सुटेना. शेवटी मी करदोड्यासकट कुलपाजवळ वाकलो, म्हणजे पोटच कुलपाला लावलं, आणि तसंच उघडलं.

तेवढ्या वेळात फलाटावर निळ्या गणवेशातली गाडीची बाई आमच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. तिकडं गाडी सोडायचा इशारा गाडीवरच्या माणसानं द्यायचा असतो. आमच्या डबल बेलसारखंच. तिनं एकदा घड्याळाकडं बघितलं, एकदा माझ्या पोटाकडं, आणि इशारा दिला नाही. बाई बॅग घेऊन उतरल्या, मग गाडी हलली. ३१ वर्षांत माझ्यामुळं गाडी लेट झाली असं कुणी बोललं नव्हतं, आणि तिथं पहिल्याच दिवशी ते झालं.

नंतर ती बाई तिकिटं बघायला आली तेव्हा लेकीनं सांगितलं की हे माझे वडील, बसचे कंडक्टर होते. तिनं माझा हात हातात घेऊन हलवला आणि काहीतरी म्हणाली. लेकीनं सांगितलं, "ती म्हणते, काळजी करू नका, आमच्या गाड्यांना उशीर व्हायला तुमची गरज नाही." हे मात्र खरं निघालं. २०२४ साली जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत.

साखळी मग लेकीनं जप्त केली. त्यानंतर दोन महिन्यांत आम्ही जवळपास वीसएक रेल्वेप्रवास केले आणि मी जुन्या सवयीनं सगळीकडं माणसं सामान कुठं ठेवतात तेच बघत बसलो. दाराजवळचे कप्पे सगळ्यात सोयीचे आणि सगळ्यात वाईट. सोयीचे कारण बॅग फार लांब ओढावी लागत नाही. वाईट कारण चोरालाही ती लांब ओढावी लागत नाही. डब्याच्या मधोमधही काही गाड्यांत कप्पे असतात, ते बरे. पण खरी जागा म्हणजे पाठीला पाठ लावून असलेल्या दोन सीटच्या मधली खाच. खाली रुंद, वर अरुंद. मध्यम बॅग तिथं आडवी सरकते आणि आपल्या पायांजवळ राहते. स्वित्झर्लंडच्या गाड्यांत तर ही खाच म्हणजे कोनाडाच. ती मिळवायची तर गाडीत लवकर चढायला हवं, आणि लवकर चढायचं तर आपला डबा फलाटावर कुठं येणार हे माहीत हवं.

जर्मनीत फलाटाचे ए, बी, सी, डी असे भाग पाडलेले असतात. कुठला डबा कुठल्या अक्षरासमोर येणार ते फलाटावरच्या फलकावर दाखवतात. मी अक्षराखाली जाऊन उभा राहायचो आणि हिला म्हणायचो, "बघ, दार बरोब्बर इथं लागणार." लागायचंही. पण एकदा ऐनवेळी घोषणा झाली की गाडी आज उलट्या क्रमानं येते आहे. अख्खा फलाट चाकाच्या बॅगा घेऊन एकमेकांना कापत विरुद्ध दिशेला पळाला. ए वाले जी कडं, जी वाले ए कडं. आणि गाडी थांबणार दोन-तीन मिनिटं. मला आमच्या स्टँडवर बस चार नंबरऐवजी सात नंबरला लागल्यावर होणारी पळापळ आठवली. फक्त खिडकीतून रुमाल टाकायची सोय नव्हती, तिकडच्या खिडक्या उघडतच नाहीत.

पॅरिसला स्टुटगार्टहून थेट गाडी आहे, सव्वातीन तासांच्या आसपास. आम्हाला दुमजली टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान गाडी, मिळाली. लेकीनं आधीच सांगितलं होतं की फ्रान्सच्या गाड्यांत नियम कडक झालेत. टीजीव्हीत दोन बॅगा, प्रत्येक जास्तीत जास्त ७० × ९० × ५० सेंटीमीटर, आणि एक हातातली पिशवी. जास्त झालं तर ५० युरो दंड. शिवाय प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी पाहिजे.

चिठ्ठीचं ऐकून हिला आनंद झाला. आमच्या माळ्यावर सासऱ्यांची ट्रंक आहे, तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव, हुद्दा आणि "मु. पो. मिरज" लिहिलंय. हिनं ठसठशीत देवनागरीत नाव लिहून बॅगेला बांधलं. लेक म्हणाली, "आई, हे तिथले पोलीस कसे वाचणार?" मग रोमन लिपीत नाव आणि फोन नंबर लिहिला. घरचा पत्ता बाहेर लिहायचा नाही, तो चिठ्ठीवर लिहून बॅगेच्या आत टाकायचा, असं जावई म्हणाले. हे मला पटलं. घरमालक गावाला गेलाय ही जाहिरात बॅगेवर कशाला?

चिठ्ठीचा हट्ट चोरीसाठी नाही हे पॅरिसच्या स्टेशनवर कळलं. तिथं बेवारस सामानाबद्दल सारख्या घोषणा चालू असतात. कुणाची तरी बॅग बाकावर राहिली, मालक सापडला नाही, की पोलीस येतात, जागा मोकळी करतात, तपासतात, आणि तोपर्यंत गाड्या खोळंबतात. बॅगेवर नाव-नंबर असेल तर एका फोनवर काम भागतं. तिकडं बॅग सोडून चहा आणायला जाणं म्हणजे फक्त चोराला आमंत्रण नाही, शेकडो लोकांची गाडी अडवणं आहे. तरी विमानतळासारखी तपासणी सगळीकडं नसते. लंडनला जाणारी युरोस्टार आणि स्पेनच्या वेगवान गाड्या सोडल्या, तर आम्ही फिरलो त्या गाड्यांत सामान मशीनमधून गेलं नाही.

टीजीव्हीच्या वरच्या मजल्यावर आमच्या जागा होत्या आणि मोठे कप्पे खाली दाराशी. मी तीन तास जिन्याकडं तोंड करून बसलो. दर थांब्याला खाली जाऊन बॅगेला हात लावून यायचो. ही म्हणाली, "अहो, रिटायर झालात ना?"

पण त्यातूनच एक गोष्ट पक्की झाली, जी मला एसटीतही माहीत होती. चोराला दार लागतं. चालत्या गाडीत चोरी करून चोर जाणार कुठं? आमच्या गाडीतही पाकीट मारलं जायचं ते चढताना दाराच्या रेटारेटीत, नाहीतर थांब्यावर. ताशी अडीचशेनं पळणाऱ्या गाडीत तर बिनघोर झोपावं. जागं व्हायचं ते थांब्याच्या आधी पाच मिनिटं आणि दार बंद होईपर्यंत. "नेक्स्टर हाल्ट", म्हणजे पुढचा थांबा, एवढे दोनच जर्मन शब्द मी शिकलो, तेवढ्यावर डोळे उघडायचे.

रात्रीच्या गाडीचं गणित वेगळं. म्युनिकहून रोमला नाईटजेट जाते, ऑस्ट्रियाच्या रेल्वेची. आम्ही झोपायच्या बाकांच्या डब्यात होतो. आपल्या थ्री टायरसारखंच, पण प्रत्येक खोपटाला दार, आणि दाराला आतून कडी. डब्यातल्या माणसानं कडी कशी लावायची ते हातानं करून दाखवलं आणि खुणेनं सांगितलं, कुणी ठोठावलं तर आधी विचारा, मग उघडा. बॅग खालच्या बाकाखाली गेली. तरीही हिनं पर्सचा पट्टा पायाच्या अंगठ्याला अडकवला, महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये अडकवते तसा. नव्या नाईटजेटमध्ये एकेकट्यासाठी कपाटासारख्या छोट्या केबिन असतात आणि सामानाला कुलपाचे वेगळे कप्पे, असं जावयांनी सांगितलं. ते बघायचं राहिलं.

रोमच्या स्टेशनवर गंमत वेगळीच. लेकीनं बजावलं होतं की बॅग उचलून द्यायला कुणी आपणहून आलं तर "नो" म्हणायचं. आपल्याकडं हमालाचा लाल सदरा असतो, दंडावर बिल्ला असतो. तिकडं बिल्ला नसलेली माणसं हातातून बॅग घेतात, डब्यात ठेवतात, आणि मग पैसे मागत समोरून हलत नाहीत. मी दोन्ही हातांनी बॅग धरून छातीशी लावली. स्टेशनवर खिसेकापूंपासून सावध राहायच्या घोषणा ऐकू येत होत्या. घोषणा झाली की माणसं आपापल्या पाकिटाला हात लावतात, आणि पाकीट कुठं आहे ते सगळ्यांना कळतं. असली घोषणा करायला आम्हाला साहेबांनी कधी सांगितलं नाही ते बरंच.

कोलोनला मात्र मी खऱ्या अर्थानं थक्क झालो. स्टेशनातून बाहेर पाय टाकला की समोर ते प्रचंड चर्च. आम्ही ॲमस्टरडॅमला निघालो होतो आणि मध्ये चार तास होते. सामान ठेवायला तिथं कपाटांची रांग नाही. एक झडप उघडते, आत बॅगा ठेवायच्या, पैसे भरायचे, झडप बंद होते, आणि बॅगा खाली भुयारात कुठंतरी निघून जातात. हातात फक्त एक कार्ड राहतं. ही झडपेसमोर उभीच. "गेल्या की हो." परत आल्यावर कार्ड घातलं आणि मिनिटाभरात बॅगा वर हजर. त्या चार तासांत मी चर्चच्या मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढून आलो आणि ही स्टेशनच्या दाराशी कार्ड मुठीत घेऊन बसून राहिली.

आणि परतीच्या वाटेवर मी लुटला गेलो.

कुठलं जंक्शन ते सांगत नाही, स्टेशनचा काय दोष. आमच्याकडं एक मध्यम बॅग आणि एक निळी सॅक एवढंच होतं. बॅग दाराजवळच्या कप्प्यात, सॅक डोक्यावरच्या फळीवर. "नेक्स्टर हाल्ट" ऐकलं आणि मी ठरल्याप्रमाणं उठून दाराशी बॅगेजवळ जाऊन उभा राहिलो, एक हात दांड्याला. माणसं उतरली, चढली. चढणाऱ्या प्रत्येकाकडं मी तिकीट मागितल्यासारखं बघत होतो. दार बंद झालं, गाडी सुटली, विजयी मुद्रेनं जागेवर आलो. ही म्हणाली, "सॅक तुम्ही खाली घेतली का?"

झालं होतं असं. गाडी उभी असताना फलाटावरून एका पोरानं हिच्या खिडकीवर टकटक केली. हातातला फोन काचेला लावून काहीतरी विचारत होता, ही गाडी अमुक ठिकाणी जाते का, असा चेहरा. ही बिचारी वाकून वाचायला लागली, मान हलवून "नाही, माहीत नाही" सांगायला लागली. तेवढ्यात आतल्या कुणीतरी वरची सॅक काढली असणार. तो उतरला, दार लागलं.

मला राग चोराचा आला नाही, माझा आला. आमच्या स्टँडवर हाच खेळ चालायचा. पायाशी दहा-दहाच्या नोटा टाकायच्या आणि म्हणायचं, "काका, तुमचे पैसे सांडले." काका वाकले की मांडीवरची पिशवी गेली. मी स्वतः गाडीत ओरडून सांगायचो, पैसे सांडले तर वाकू नका. आणि मी उभा कुठं होतो? मेतकुटाच्या रिकाम्या डब्यांच्या आणि मळक्या कपड्यांच्या बॅगेपाशी. चोराला १५ किलोचं ओझं कशाला पाहिजे? त्याला पाहिजे छोटं, हलकं, एका हातात मावणारं. कॅमेरा, पाकीट, फोन जिथं असतात ते. मी पोत्यावर पहारा दिला आणि गल्ला उघडा सोडला.

सॅकमध्ये जावयाचा कॅमेरा, माझ्या बीपीच्या गोळ्या, वाचायचा चष्मा, हिची शाल आणि दशम्या-चटणीचा डबा होता. पासपोर्ट वाचले, ते हिनं स्वतः शिवलेल्या कापडी पिशवीत, कमरेला होते. त्या पिशवीला मी मुंबईच्या विमानतळावर हसलो होतो.

स्टुटगार्टला उतरल्यावर लेकीनं थेट स्टेशनमधल्या रेल्वे पोलिसांकडं नेलं. तक्रारीचा कागद नसेल तर विमावाले दारात उभं करत नाहीत, त्यामुळं "जाऊ दे, कुठं मिळणार" म्हणून घरी जायचं नाही. तिथल्या पोरसवदा पोलिसानं इंग्रजीत एकेक वस्तू, तिची किंमत, रंग लिहून घेतला. बॅग तुमच्यापासून किती लांब होती, असं त्यानं विचारलं. हिनं मराठीत उत्तर दिलं, "माझ्या डोक्यावर होती. हे लांब होते."

डोक्यावरची फळी दिसत नाही, हा साधा मुद्दा मला पासष्टाव्या वर्षी कळला. छोटी बॅग वर ठेवायचीच असेल तर समोरच्या बाजूच्या फळीवर ठेवावी, म्हणजे बसल्या जागेवरून दिसते. नाहीतर दोन पायांच्या मध्ये, पट्टा मांडीत अडकवून. आता मी तसंच करतो, शिवशाहीतसुद्धा.

लेकीनं रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या विभागाकडंही अर्ज भरून ठेवला. जर्मन रेल्वेत सापडलेलं बेवारस सामान शेवटी वुपर्टाल नावाच्या गावी जमा होतं, आणि कुणी नेलं नाही तर तिथं त्याचा लिलाव होतो. अर्जात तिनं लिहिलं, निळी सॅक, आत चष्मा, शाल, गोळ्या. मला वाटलं, झालं, आपला चष्मा आता लिलावात जाणार.

आम्ही निघायच्या आठवडाभर आधी निरोप आला. सॅक सापडली होती, कॅमेरा काढून घेऊन कुणीतरी टाकून दिलेली. खोक्यातून घरी आली. चष्मा होता, गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी होती, शाल घडी घालून ठेवलेली. डबा तेवढा नव्हता. लेक म्हणाली, खायच्या वस्तू ते ठेवत नाहीत, टाकून देतात. हिला ते अजून पटलेलं नाही. तिचं म्हणणं, चटणी चोरानंच खाल्ली, आणि चांगली झाली होती म्हणूनच स्टीलचा डबाही ठेवून घेतला.